सकाळी सव्वासहाला संपणारा दिवस

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एक छोटी कंपनी कारखान्यांसाठी वीज मोजायची यंत्रणा बसवते. प्रत्येक फीडरवर, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या लाइनवर, मीटर, मीटरांना जोडलेला एक गेटवे, म्हणजे त्यांचे आकडे गोळा करणारा छोटा संगणक, आणि मध्यरात्रीनंतर गेटवेनं तयार केलेली प्रत्येक मीटरची आदल्या दिवसाची फाइल, असा साधा मामला. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये चालतं. दिवसाचे ब्लॉक ९६, म्हणून फाइलमध्ये नोंदी ९६. ही फाइल लिहिणारी आणि वाचणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना जोडून वापरायचा तयार कोड, सी भाषेत आहे. गेटवेवर तीच, कंपनीच्या सर्व्हरवर तीच. तिची देखभाल माझ्याकडे आहे. मूळ कोड ज्यांनी लिहिला ते काका आता निवृत्त आहेत आणि दांडिया बाजारात राहतात.

लायब्ररी बरीच वर्षं फक्त लिनक्सवर चालली आणि बिनतक्रार चालली. मग एका ग्राहकाला तीच आपल्या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये हवी झाली. तेव्हा जो संघ होता त्यानं विंडोजसाठी बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेली चालणारी प्रत, करून दिलं, चार फाइली उघडून पाहिल्या, आकडे आले, काम संपलं. काही आठवड्यांनी कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातल्या सुपरवायझरांचा फोन आला.

‘ताई, तुमचा गेटवे रोज सकाळी सव्वासहाला बंद पडतोय. आम्ही वायरिंग तपासलं, पॉवर सप्लाय बदलला. सहाला पाळी बदलते, तेव्हा कुणी स्विच मारतंय का म्हणून माणूससुद्धा उभा केला.’

बहुतेक मीटरांची फाइल विंडोजवर सव्वासहापर्यंतच दिसत होती. काहींची एखाद्या दिवशी त्याच्याही आधी तुटायची. कॉम्प्रेसर हाउसमधला एक मीटर तर कधीच काही दाखवत नव्हता, म्हणून तो जळालाय असं धरून नवा मागवायचं ठरत होतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी लिनक्सच्या लॅपटॉपवर उघडली. ९६ च्या ९६ नोंदी. जळालेल्या मीटरच्याही ९६. फाइल शाबूत, मीटर शाबूत, गेटवेला काही झालेलं नाही. एवढं समजल्यावर आधी सुपरवायझरांना फोन करून त्या स्विचपाशी उभ्या केलेल्या माणसाला मोकळं करायला सांगितलं.

सव्विसावा ब्लॉक, सव्विसावा मीटर

पहिला ब्लॉक रात्री बाराला सुरू होतो. सव्विसाव्याच्या आधी पंचवीस ब्लॉक जातात, पंचवीस गुणिले पंधरा म्हणजे ३७५ मिनिटं, म्हणजे सकाळचे सव्वासहा. आणि कॉम्प्रेसर हाउसमधल्या मीटरचा क्रमांक होता २६. हे दोन सव्वीस शेजारी आले तेव्हा उत्तर हाताशी आलं.

प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा मावणारी जागा, हा ब्लॉकचा क्रमांक. सव्विसाव्या नोंदीत तिथे २६ हा आकडा बसतो, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या लेखनात, १ए. मीटरचा क्रमांक फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, असतो, म्हणून त्या मीटरची फाइल हेडरमध्येच थांबत होती. विंडोजवर सीच्या एफओपन फंक्शननं फाइल नुसत्या ‘आर’ पद्धतीनं, म्हणजे मजकूर म्हणून उघडली, की १ए हा बाइट फाइलचा शेवट मानला जातो. कीबोर्डवर हाच कंट्रोल-झेड. ही रीत सीपी/एम या १९७० च्या दशकातल्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून आलेली आहे. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांतच नोंदली जायची, त्यामुळे शेवटच्या ठोकळ्यात मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला कंट्रोल-झेड टाकत. डॉसनं ती उचलली, विंडोजच्या सी लायब्ररीनं ती मजकुराच्या फाइलींसाठी सांभाळली. फाइल बायनरी आहे असं सांगायचं तर ‘आरबी’ लिहायचं. हे ‘बी’ १९८९ च्या पहिल्या सी मानकापासून भाषेत आहे. लिनक्स, मॅकओएस आणि बीएसडीवर ते असलं काय नि नसलं काय, फरक पडत नाही. म्हणूनच इतकी वर्षं ते नसल्याचं कुणाला जाणवलं नव्हतं.

काही दिवशी फाइल आधीच का तुटायची, हेही त्यातच आलं. नोंदीत पल्सची, म्हणजे वीज मोजताना मीटरनं दिलेल्या ठोक्यांची, संख्या असते, आणि तिच्या एखाद्या बाइटात योगायोगानं २६ आला की तिथेच शेवट.

लिहिण्याच्या बाजूला याचं जोड दुखणं निघालं. मजकूर पद्धतीनं लिहिताना विंडोज प्रत्येक १० या बाइटाआधी १३ घालतं, कारण तिथे ओळ दोन बाइटांनी संपते. दहाव्या ब्लॉकच्या नोंदीचा पहिला बाइट १० असतोच. त्यामुळे विंडोजवरून निर्यात केलेली प्रत्येक फाइल रात्री सव्वादोनच्या नोंदीपाशी एक बाइट पुढे सरकायची आणि तिथून पुढचे सगळे आकडे लिनक्सच्या सर्व्हरवर भलतेच दिसायचे. परत विंडोजवरच वाचली तर ते १३ पुन्हा गाळलं जायचं, आणि निदान सव्वासहापर्यंत सगळं ठीक वाटायचं. अशी चूक स्वतःच्या घरात तपासून सापडत नाही.

‘एक अक्षर घालायचंय ना? घाला आणि पाठवा,’ असं कंपनीच्या मालकांचं म्हणणं पडलं. ते मला पूर्ण पटलं. ग्राहकाचा हिशोब अडला असताना मोठ्या दुरुस्तीच्या नावाखाली छोटी अडवून ठेवू नये. ‘बी’ घातलेलं बिल्ड त्याच दिवशी गेलं. त्यानंतर मी मालकांकडे वेळ मागितला, कारण मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. फाइल पंचविसाव्या नोंदीनंतर तुटली तरी लायब्ररीनं ‘यशस्वी’ असंच उत्तर दिलं होतं. एफरीड फंक्शनकडून कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली, असं कोडनं परस्पर ठरवलं होतं. फाइल संपणं आणि फाइल तुटणं यांत कोड फरकच करत नव्हता. तो फरक असता तर पहिल्याच दिवशी ‘९६ पैकी २५ नोंदी’ असा संदेश आला असता आणि कुणी पॉवर सप्लाय उघडला नसता.

कोडनं न सांगितलेल्या गोष्टी

या प्रकरणात विंडोजला दोष द्यायची घाई सगळ्यांना झाली होती. मला तो मान्य नाही. विंडोजनं जे केलं ते त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. सीचं मानक अनेक गोष्टी मुद्दाम मोकळ्या सोडतं, आणि प्रत्येक सिस्टिम त्या जागा आपल्या परीनं भरते. लायब्ररीनं आपल्याला काय हवंय ते सांगितलं नाही, की ती जागा दुसरं कुणीतरी भरणारच. मग मी कोडमध्ये अशा न सांगितलेल्या जागा शोधायला बसले.

सगळ्यात मोठी जागा होती नोंदीचं स्ट्रक्ट, म्हणजे वेगवेगळे रकाने एकत्र बांधणारी सीची रचना. त्यात ब्लॉक क्रमांकाचा एक बाइट, स्थितीचा एक, व्होल्टेजचे दोन, आणि मग डबल या आठ बाइटच्या दशांश प्रकारात पल्सची संख्या. हे स्ट्रक्ट मेमरीत जसं आहे तसं उचलून फाइलमध्ये लिहिलं जायचं. जुना गेटवे ३२ बिट इंटेल जातीचा, लिनक्सवाला. तिथल्या नियमानं स्ट्रक्टमधला डबल मेमरीतल्या चारच्या पटीतल्या पत्त्यावर चालतो, म्हणून नोंद बारा बाइटची. ३२ बिट विंडोजवर तोच डबल आठच्या पटीत ठेवतात, मध्ये चार रिकामे बाइट येतात, नोंद सोळाची होते. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवरही सोळाच.

हेडरमध्ये तारीख होती लाँग या पूर्णांक प्रकाराची. ३२ बिट लिनक्सवर लाँग चार बाइटचा. ६४ बिट लिनक्सवर आणि मॅकवर आठचा. ६४ बिट विंडोजवर मात्र पुन्हा चारचाच. म्हणजे एकच ओळ तीन ठिकाणी संकलित केली तर दोन ठिकाणी ती योगायोगानं जुळणार.

हे आधीच्या संघाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सर्व्हर ६४ बिट होता, तरी बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये कंपायलरला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला, ३२ बिटचाच कोड बनवायला सांगणारा पर्याय होता. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. विंडोजसाठी ‘इफडेफ विन३२’, म्हणजे ‘विंडोज असेल तरच’, असं लिहून आत स्ट्रक्ट चारच्या पटीत आवळायचा प्रॅग्मा, म्हणजे कंपायलरला सूचना, घातला होता, पण तो पुढे सोडवला नव्हता. त्यामुळे कोडमधल्या त्या हेडर फाइलीनंतर जी जी हेडर फाइल यायची तीही आवळली जायची, आणि एकाच प्रोजेक्टच्या दोन फाइलींना एकच स्ट्रक्ट वेगवेगळ्या आकाराचं दिसायचं. प्रत्येक वेळी जिथे टोचलं तिथे पट्टी लावलेली. अशा पट्ट्या त्या त्या दिवशी बरोबरच असतात, पण पुढच्या माणसाला खाली जखम कुठे आहे ते दिसत नाही.

स्थितीचा बाइट नुसता कॅर, म्हणजे सीचा एका बाइटचा प्रकार, होता. त्याचा सगळ्यात वरचा बिट म्हणजे मीटरमधला बिघाड, आणि कोड विचारायचा, ‘स्थिती शून्यापेक्षा कमी आहे का?’ इंटेलवर कॅर चिन्हासहित, म्हणून वरचा बिट लागला की संख्या ऋण. एआरएम जातीच्या प्रोसेसरवरच्या लिनक्सवर कॅर बिनचिन्हाचा, तिथे तो शून्यापेक्षा कमी कधी होतच नाही. नवे गेटवे एआरएमचे आले तेव्हापासून बिघाडाची सूचना गप्प झाली होती, आणि मीटर फार चांगले लागले म्हणून लोक खूश होते. जीसीसी या कंपायलरला जादा वॉर्निंग द्यायला सांगितलं तर ही तुलना कायम खोटी आहे असं तो स्पष्ट सांगतो. सांगतही होता, पण इतर शेकडो वॉर्निंगच्या गर्दीत. वॉर्निंग शून्यावर आणून तिथेच ठेवणं हे पोर्टेबल कोडचं अर्धं काम आहे, असं माझं मत त्या दिवसापासून पक्कं झालं.

दांडिया बाजारातली वही

फाइलची रचना कुठेही कागदावर नव्हती. कोड हीच रचना, आणि तो कोड तर सिस्टिमप्रमाणे बदलणारा. म्हणून काकांकडे गेले.

‘काका, नोंद बारा बाइटची ठेवायची असं मुद्दाम ठरवलं होतंत?’

‘अगं, तेव्हा फाइल मोडेमवरनं यायची. बाइटाला बाइट मोजायचो आम्ही. सोळाची झाली असती तर मी डबल काढूनच टाकला असता. गेटवेचा डबा एकच होता, त्याच्यावर बारा भरले, मग पुढे कुणी विचारलंच नाही.’

त्यांनी आतून एक वही आणली. त्यात पट्टीनं रेघा मारून बाइटांचे रकाने काढले होते: चार बाइट ओळखीची खूण, चार तारीख, चार मीटर क्रमांक, चार राखीव, मग नोंदी. पूर्ण दिवसाची फाइल १६ अधिक ९६ गुणिले १२, म्हणजे १,१६८ बाइट. तारीख कुठल्या प्रकाराची हे वहीत नव्हतं, फक्त ‘४’ लिहिलं होतं, आणि तेच योग्य होतं. त्या पानावरून आम्ही फाइलच्या रचनेचा दस्तऐवज लिहिला. प्रत्येक बाइट कुठला, कमी वजनाचा बाइट आधी, डबल म्हणजे आयईईई ७५४ या दशांश संख्यांच्या मानकाचे आठ बाइट, चिन्ह कुठे आहे आणि कुठे नाही. काकांनी तो वाचून राखीव चार बाइटांपैकी एकात एका जुन्या ग्राहकासाठी सीटीचं, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरचं, गुणोत्तर टाकलं होतं, हे आठवून सांगितलं. कोडमध्ये त्याचा मागमूस नव्हता.

दस्तऐवज झाल्यावर कोड सोपा झाला. स्ट्रक्ट उचलून लिहिणं बंद. आता बिनचिन्हाच्या बाइटांच्या रांगेतून एकेक बाइट उचलून, डावीकडे सरकवून, जोडून संख्या बनते, आणि डबल हवा तिथे आठ बाइट जोडलेली संख्या मेमकॉपी या बाइट जसेच्या तसे नकलणाऱ्या फंक्शननं त्यात उतरवतो. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, जबरदस्तीनं दुसऱ्या प्रकाराचा करून वाचायचा मोह इथे होतो, पण कंपायलर ऑप्टिमायझेशन करताना तसं काही होत नाही असं धरून चालतो, त्यामुळे तो रस्ता बंद ठेवला. लाँग हा शब्द लायब्ररीतून हद्दपार झाला. सी९९ मानकानं दिलेले ठराविक रुंदीचे प्रकार वापरले, जे विंडोजच्या बाजूला व्हिज्युअल स्टुडिओ २०१० पासून मिळतात. आवळणारा प्रॅग्मा गेला, सर्व्हरवरचा ३२ बिटचा पर्याय गेला. एकाच कामातून तीन पट्ट्या सुटल्या.

‘हे एकेक बाइट जोडणं हळू नाही का होणार?’ असं संघातल्या एका मुलानं विचारलं. प्रश्न रास्त होता. आजचे जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर ही बाइट जोडायची रीत ओळखतात आणि इंटेलवर बहुतेक वेळा तिची एकच सूचना करतात. आणि फाइल हजारभर बाइटची. डिस्कवरून ती येईपर्यंतच कितीतरी जास्त वेळ जातो.

सिस्टिमचा स्वभाव एका जागी

फाइलीची रचना सिस्टिमपासून सोडवता येते. पण फाइल उघडणं, नाव बदलणं, घड्याळ, थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) हे सिस्टिमकडूनच मागावं लागतं. इथे आमच्यात खरा वाद झाला. एक बाजू म्हणत होती की जिथे फरक आहे तिथे इफडेफ लिहू, काय बिघडतं. माझं म्हणणं असं की वीज मोजणाऱ्या फंक्शनमध्ये विंडोजचं नावही दिसता कामा नये. एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी याचं चांगलं उदाहरण. तिचं सगळं ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणं व्हीएफएस नावाच्या एका थरातून जातं; युनिक्ससाठी एक फाइल, विंडोजसाठी एक, आणि वरच्या डेटाबेसच्या कोडला खाली कोण आहे याचं सोयरसुतक नसतं. आम्हीही तसंच केलं. एक छोटं हेडर, त्यात लायब्ररीला लागणारी मोजकी कामं आमच्या नावांनी, आणि खाली दोन फाइली: एक पॉझिक्सची, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमच्या सामायिक मानकाची, एक विंडोजची. मॅक आणि फ्रीबीएसडी पॉझिक्सच्या फाइलीतच मावले.

या थराचं मोल नाव बदलण्याच्या कामात कळलं. गेटवे आधी तात्पुरती फाइल लिहितो आणि पुरी झाली की रीनेमनं खऱ्या नावावर आणतो, म्हणजे अर्धवट फाइल कुणाच्या हाती पडत नाही. पॉझिक्समध्ये त्या नावाची फाइल आधीच असली तर रीनेम तिच्या जागी नवी ठेवतं, आणि मधल्या क्षणी वाचणाऱ्याला एकतर जुनी मिळते नाहीतर नवी. विंडोजच्या सी लायब्ररीतलं त्याच नावाचं फंक्शन जुनी फाइल असेल तर नापास होतं. आधीच्या कोडमध्ये यावर उपाय म्हणून आधी जुनी पुसून मग रीनेम केलं होतं. नेमकं त्यामध्ये मशीन बंद पडलं तर खऱ्या नावाची फाइलच उरत नाही. आता विंडोजच्या फाइलीत मूव्हफाइलएक्स हे विंडोजचं स्वतःचं फंक्शन आहे, जुनीवर बसवायच्या खुणेसह. आमच्या फंक्शनचं नाव ‘जागी ठेव’ अशा अर्थाचं आहे. नाव मुद्दाम रीनेमसारखं ठेवलं नाही, कारण रीनेम म्हटलं की वाचणारा आपल्या सिस्टिमवरचा अर्थ धरून चालतो.

दुसरं, फाइलीचा पत्ता. त्या कारखान्यात फाइली गुजराती नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. विंडोजवर एफओपनला दिलेलं नाव त्या मशीनच्या जुन्या कोडपेजप्रमाणे, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित तक्त्याप्रमाणे, वाचलं जातं, आणि त्यात गुजराती अक्षरं बसत नाहीत. फाइल समोर दिसतेय आणि प्रोग्रॅम म्हणतोय सापडत नाही! यावर आम्ही लायब्ररीचं वचनच ठरवलं: सगळ्या सिस्टिमवर पत्ता यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीतच द्यायचा. विंडोजचा थर तो यूटीएफ-१६ करून रुंद अक्षरांच्या एफओपनला देतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमधून, म्हणजे त्याच्यासोबतच्या माहितीच्या फाइलीतून, यूटीएफ-८ कोडपेज मागता येतं, पण प्रोग्रॅम ग्राहकाचा, लायब्ररी आमची. दुसऱ्याच्या मॅनिफेस्टवर आपलं घर उभं करता येत नाही.

मेमरीचंही तसंच. लायब्ररी मॅलॉकनं मेमरी मागून एक अहवाल बनवून द्यायची आणि ग्राहकाच्या प्रोग्रॅमनं तो फ्री करायचा, म्हणजे ती मेमरी सोडायची. लिनक्सवर दोघांचा हीप, म्हणजे अशी मागून घ्यायच्या मेमरीचा साठा, एकच. विंडोजवर डीएलएल, म्हणजे तिथल्या रूपातली लायब्ररी, आणि प्रोग्रॅम वेगवेगळ्या सी रनटाइमशी जोडलेले असतील तर हीप वेगळे, आणि एकाची मेमरी दुसऱ्यानं सोडली की प्रोग्रॅम कोसळतो. आता लायब्ररीनं दिलेलं लायब्ररीच्याच फंक्शनला परत करायचं, हा नियम सगळीकडे.

एका ठिकाणी ‘लिनक्स असेल तर स्वतःचं एसटीआरएलकॉपी बनव’ असं लिहिलं होतं, कारण मजकूर नकलायचं हे फंक्शन बीएसडीत १९९८ पासून असलं तरी ग्लिबसीत, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, नव्हतं. ग्लिबसीनं ते २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत घेतलं, आणि सर्व्हरचं लिनक्स नवं केल्याबरोबर आमचं आणि त्यांचं एकमेकांवर आदळलं. सिस्टिमचं नाव विचारून तिच्याकडे काय आहे याचा अंदाज करणं असं महागात जातं. आता सीमेक हे बिल्डचं साधन बिल्डच्या आधी ते फंक्शन खरंच आहे का ते तपासतं. शिवाय आमच्या पर्यायी फंक्शनांच्या नावांना लायब्ररीचा उपसर्ग आहे.

वर्षभराचा तक्ता

सर्व्हरचं काम नंतर कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसह बंद केलेल्या वेगळ्या कप्प्यात, हलवलं, अल्पाइन लिनक्सवर, कारण त्याची प्रतिमा, म्हणजे कंटेनर बनवायची फाइल, लहान असते. दिवसाचे अहवाल चालले, महिन्याचे चालले, वर्षाचा मागितला की कोसळायचा. एकाच्या मॅकवरही तोच अहवाल कोसळला, पण उबुंटूवर आणि विंडोजवर ठीक. लिनक्सवर चालतं आणि लिनक्सवरच चालत नाही, हे कोडं संघाला बरंच पुरलं.

वर्षाच्या नोंदी ३५,०४०. मेमरीत प्रत्येकी सोळा बाइट, म्हणजे ५,६०,६४० बाइट. एवढा तक्ता एका फंक्शनच्या स्टॅकवर, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीत, घेतला होता आणि ते फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालत होतं. उबुंटूवर ग्लिबसी अशा थ्रेडला सहसा आठ मेगाबाइट स्टॅक देते. विंडोजवर एक मेगाबाइट. मॅकवर मुख्य सोडून इतर थ्रेडना ५१२ किलोबाइट, म्हणजे ५,२४,२८८ बाइट, थोडक्यात कमी पडले. अल्पाइनची सी लायब्ररी मसल. तिच्या आजच्या आवृत्त्यांत थ्रेडचा स्टॅक १२८ किलोबाइटचा. महिन्याचा तक्ता त्यात बसायचा, वर्षाचा नाही. लिनक्स हे कर्नलचं नाव आहे. आपली लायब्ररी ज्या सी लायब्ररीवर उभी असते ती वेगळी असू शकते, हे तेव्हापासून आमच्या तपासणीच्या यादीत स्वतंत्र ओळ म्हणून आहे. तक्ता हीपवर नेला.

दशांश चिन्हाचं प्रकरण थोडक्यात. मीटरचे गुणक मजकुराच्या फाइलीत असतात, ०.५ असे. ग्राहकाच्या प्रोग्रॅमनं स्वतःला जर्मन लोकेल, म्हणजे आकडे लिहायची जर्मन रीत, लावून घेतलं तर मजकुरातून संख्या वाचणाऱ्या एसटीआरटीओडी फंक्शनला दशांशासाठी स्वल्पविराम हवा असतो, टिंबापाशी ते थांबतं आणि उत्तर शून्य देतं. लोकेल ही पूर्ण प्रोसेसची गोष्ट, लायब्ररीनं ती बदलली तर यजमानाचे आकडे बिघडतात. आमचे गुणक इतके साधे आहेत की वाचणारं छोटं फंक्शन स्वतःच लिहिलं.

तपासणी

ग्राहकांच्या परवानगीनं खऱ्या दिवसांच्या काही फाइली जमवल्या, मीटरांची ओळख काढून टाकली, आणि प्रत्येकीचं अपेक्षित उत्तर शेजारी ठेवलं. शिवाय ० ते २५५ पर्यंतचे सगळे बाइट प्रत्येक रकान्यात एकदा तरी येतील अशी मुद्दाम बनवलेली फाइल. सव्वासहाचं दुखणं तिनं पहिल्या सेकंदाला पकडलं असतं. मधेच कापलेल्या फाइलीही आहेत, त्यांचं अपेक्षित उत्तर म्हणजे काय चुकलं ते नेमकं सांगणारा संदेश. कोड बदलला की हे सगळं लिनक्स, विंडोज आणि मॅकवर आपोआप चालतं, अल्पाइनवर वेगळं, फ्रीबीएसडी आभासी मशीनमध्ये. लिनक्सवर एक फेरी अॅड्रेस आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर ही कोड चालताना चुका पकडणारी साधनं लावून होते.

एक फेरी क्वेमू या दुसरा प्रोसेसर भासवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एस३९०एक्स या मेनफ्रेमच्या प्रोसेसरवर होते. ‘ताई, आपला कुठला ग्राहक मेनफ्रेमवर मीटर वाचणार आहे?’ असं विचारणं झालंच. कुणीही नाही. पण तिथे जास्त वजनाचा बाइट आधी येतो, आणि बाइटांच्या क्रमाबद्दल कोडमध्ये कुठे गृहीत लपलं असेल तर ते फक्त तिथेच उघडं पडतं. एक पडलंही: बेरजेच्या पडताळणीत संख्या मेमरीतून थेट वाचली जात होती. इंटेल आणि एआरएमवर ते आम्हाला कधीच दिसलं नसतं.

राहिलेलं

फाइलीची दुसरी आवृत्ती ठरली आहे. तिच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या आहे. भारतात घड्याळ मागेपुढे करत नाहीत म्हणून ९६ पक्के, पण कंपनीला आता युरोपात यंत्रणा विकायची आहे, आणि तिथे घड्याळ बदलायच्या दिवशी ब्लॉक ९२ किंवा १०० होतात. शेवटी पडताळणीची बेरीज आहे, आणि तारीख आठ बाइटची आहे.

जुन्या आवृत्तीतली, १९७० पासूनचे सेकंद मोजणारी चार बाइटची तारीख चिन्हासहित वाचली तर ती १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. १९७० च्या आधीची एकही फाइल असणं शक्य नाही, म्हणून लायब्ररी ती आता बिनचिन्हाची वाचते आणि २१०६ पर्यंत निभावून नेते. वाचायची बाजू सुटली, पण जुन्या गेटवेंचं स्वतःचं घड्याळ ३२ बिटचं आहे. ग्लिबसी २.३४ पासून ३२ बिटवरही ६४ बिट वेळ मागता येते. त्या डब्यांवरची ग्लिबसी त्याहून जुनी, आणि कर्नलही जुना. ते बदलावेच लागतील. कुठल्या कारखान्यात कुठला डबा आहे याची यादी सध्या बनते आहे.

३२ बिट विंडोजचं बिल्ड चालू ठेवायचं की नाही हा निर्णय अजून व्हायचा आहे. ते सोडलं तर दोन काटे कमी होतील, पण काही ग्राहकांच्या पॅनेलमधले पीसी तेच चालवतात, आणि ज्या सुपरवायझरांनी पहिला फोन केला त्यांचा पीसी त्यांतलाच आहे. तोपर्यंत तेही बिल्ड प्रत्येक बदलाबरोबर तपासलं जातं.